१ मूळ संख्या का नाही: या निर्णयामागची पार्श्वभूमी

शाळेत एक ओळ सगळ्यांकडून पाठ करून घेतात, १ ही मूळ संख्याही नाही आणि संयुक्त संख्याही नाही. कारण विचारलं की व्याख्या दाखवतात, मूळ संख्येला बरोबर दोनच विभाजक लागतात, १ आणि ती स्वतः, आणि १ ला तर एकच विभाजक आहे, म्हणून तो बाद. बरोबरच आहे, पण याला कारण म्हणता येत नाही. "बरोबर दोन" हे शब्द व्याख्येत घातलेतच मुळी १ बाहेर राहावा म्हणून. जुन्या पुस्तकांत "जिला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय कुणीही भाग देत नाही ती मूळ संख्या" अशी वाक्यं होती आणि त्या वाक्यात १ आरामात बसायचा. म्हणजे आधी निर्णय झाला आणि मग त्याला साजेसं वाक्य लिहिलं गेलं. हा निर्णय कसा झाला ते माहीत नसेल तर मुलांना वाटतं की गणितात कुणीतरी बसून नियम ठरवतं आणि बाकीच्यांनी ते पाळायचे, आणि हे वाटणं मला फार खुपतं, कारण या एका आकड्यामागचा इतिहास नेमकं उलटं सांगतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते की "पूर्वी १ मूळ होता, नंतर काढला". हे अर्धंच खरं. सगळ्यात आधी, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षं, १ मूळ नव्हताच, पण कारण वेगळं होतं. मग दोन-तीनशे वर्षं तो कुणाच्या यादीत असायचा, कुणाच्या नसायचा. आणि मग तो गेला तो कायमचाच, पण तेव्हा कारण एकदम नवीन होतं. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचं उत्तर सारखं दिसतं म्हणून लोक दोन्ही एकत्र करतात, सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

पहिला टप्पा पटकन उरकतो. युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या तेरा खंडांच्या ग्रीक ग्रंथात सातव्या खंडाच्या सुरुवातीलाच एककाची व्याख्या आहे आणि लगेच पुढे संख्येची, की संख्या म्हणजे एककांचा समूह. आता समूह म्हटला की एकाहून जास्त आले, म्हणजे १ ही संख्याच नव्हे, ज्याच्यापासून संख्या बनतात ती वस्तू. जी संख्याच नाही ती मूळ आहे का हा प्रश्नच उठत नाही. याच काळाच्या आसपास काहींच्या लेखी २ सुद्धा मूळ नव्हता, कारण ते मूळ हा प्रकार फक्त विषम संख्यांच्या पोटात ठेवायचे. तेव्हा आज आपण "प्राचीन काळापासून १ मूळ नाही" म्हणतो तेव्हा त्या लोकांचा आपल्याला पाठिंबा आहे असं समजू नये, त्यांचा मुद्दाच वेगळा होता. ही समजूत मध्ययुगभर टिकली.

१५८५ साली एका फ्लेमिश इंजिनिअरने अंकगणितावरच्या पुस्तकात यावर सरळ हल्ला चढवला. त्याचं म्हणणं साधं होतं, भाग हा ज्या पदार्थाचा पूर्ण आहे त्याच पदार्थाचा असतो, भाकरीचा तुकडा भाकरीच, मग एककांच्या समूहाचा भाग असलेलं एकक संख्या कसं नाही? दुसरा युक्तिवाद तर मला आणखी आवडतो. एखाद्या संख्येतून "संख्या नसलेलं काहीतरी" वजा केलं तर ती संख्या तशीच राहायला पाहिजे, पण ३ मधून १ काढला की ३ राहत नाहीत. म्हणजे १ संख्या आहे. दशांश अपूर्णांक युरोपात रुजवण्यात याच माणसाचा मोठा हात, आणि दशांशात काम करणाऱ्याला १ वेगळ्या जातीचा धरून चालतच नाही, तिथे सगळे आकडे एकाच रेषेवर असतात. हळूहळू हे पटत गेलं आणि १ संख्यांमध्ये आला. आणि आता, पहिल्यांदाच, तो प्रश्न खरोखर उभा राहिला: संख्या आहे, ठीक, पण मूळ आहे का?

इथे थोडं शब्दांवर थांबतो कारण मराठीत हा गुंता आणखी वाढतो. आपण प्राइमला "मूळ" म्हणतो. आता मूळ म्हणजे सुरुवात, जिथून बाकी सगळं फुटतं ते, आणि मोजणीची सुरुवात तर १ पासूनच. त्यामुळे मराठी माणसाच्या कानाला १ सगळ्यात मूळ वाटणारच, त्यात चूक काहीच नाही, शब्दच तसा आहे. वर आपल्याकडे वर्गमूळ, घनमूळ यांतही मूळच, त्याचा या मूळशी संबंध नाही. हिंदीत अभाज्य म्हणतात, म्हणजे ज्याला भागता येत नाही तो, तिथेही १ आत घुसू शकतो कारण १ ला तरी कोण भागतंय. ग्रीक आणि लॅटिनमधले शब्दही "पहिला" याच अर्थाचे, म्हणजे त्यांचीही तीच अडचण. शब्दाकडे बघून हा प्रश्न कुठल्याच भाषेत सुटत नाही.

पण खरा गुंता दुसऱ्या शब्दाचा आहे, एकक. एकक, दशक, शतक मधला एकक म्हणजे स्थान. मीटर हे लांबीचं एकक आहे यातला एकक म्हणजे माप. ग्रीकांच्या व्याख्येतला एकक म्हणजे ज्याच्यापासून संख्या बनते ते. आणि चौथा, बीजगणितातला युनिट, त्यालाही मराठीत एककच म्हणावं लागतं, आणि हा चौथा अर्थ कळल्याशिवाय १ मूळ का नाही हे कळूच शकत नाही. ज्या संख्येचा गुणाकार व्यस्त त्याच संख्यासमूहात सापडतो, म्हणजे जिला कशानेतरी गुणून १ मिळतो, ती एकक. नैसर्गिक संख्यांत अशी एकच आहे, १. पूर्णांकांत दोन आहेत, १ आणि −१, कारण (−१) × (−१) = १. अपूर्णांक घेतले तर शून्य सोडून सगळेच एकक, म्हणून तिथे मूळ संख्या नावाची गोष्टच उरत नाही. म्हणजे एकक हा गुण आहे, एका ठरावीक आकड्याचं नाव नाही. शाळेत १ ला "मूळही नाही संयुक्तही नाही" असं दोनदा नकार देऊन सोडतात, पण तो आहे कोण हे सांगतच नाहीत. तो एकक आहे, ही त्याची स्वतःची जागा आहे. संख्यांचे गट तीन नाहीत, चार आहेत: शून्य, एकक, मूळ, संयुक्त. माझ्या मते ही एक ओळ पुस्तकात आली असती तर अर्धं कन्फ्युजन मिटलं असतं.

आता परत मागे, १८ व्या शतकात. १७३७ मध्ये एका स्विस गणितज्ञाने ती फेमस नित्यसमानता मांडली ज्यात डावीकडे सगळ्या नैसर्गिक संख्यांवरची बेरीज आहे आणि उजवीकडे फक्त मूळ संख्यांवरचा गुणाकार. १/१ˢ + १/२ˢ + १/३ˢ असं पुढे अनंतापर्यंत (s म्हणजे १ पेक्षा मोठा घातांक), बरोबर प्रत्येक मूळ संख्या p साठी १/(१ − १/pˢ) या पदांचा गुणाकार. यात p च्या जागी १ घालून बघा. छेदात १ − १ येतो, शून्य, सगळं कोसळलं. म्हणजे या सूत्राला १ बाहेर हवाच आहे, आणि ज्याने ते लिहिलं तो १ ला मूळ धरत नव्हता. पण गंमत अशी की त्याच माणसाला पाच वर्षांनी, १७४२ च्या जूनमध्ये, मॉस्कोहून गोल्डबाख या मित्राचं एक पत्र आलं आणि त्या पत्रात १ बिनधास्त मूळ धरलेला आहे. हेच ते पत्र जिथून गोल्डबाखचा अंदाज सुरू झाला. पत्राच्या समासात लिहिलं होतं की २ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असावी. ३ = १ + १ + १ हे चालण्यासाठी १ मूळच पाहिजे. आज आपण हाच अंदाज "२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज" असा सांगतो, त्यात १ ची गरज पडत नाही आणि अंदाज अजूनही सिद्ध झालेला नाही. सांगायचा मुद्दा हा की दोन दोस्त, एकाच विषयावर एकमेकांना पत्रं लिहितायत, एक १ ला मूळ मानतो, दुसरा मानत नाही, आणि दोघांचंही काही अडत नाही. त्या काळी हा भांडणाचा विषयच नव्हता.

१८०१ मध्ये परिस्थिती बदलायला लागली. त्या वर्षी लॅटिनमध्ये निघालेल्या संख्या सिद्धांताच्या ग्रंथात एक विधान स्पष्ट मांडून सिद्ध केलं गेलं, की कुठल्याही संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. १२ घ्या, २ × २ × ३, क्रम बदला पण हेच तीन. हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, वापरतही होते, पण सिद्ध करायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. आता १ ला मूळ म्हणा आणि हेच विधान वाचा. १२ = १ × २ × २ × ३, १२ = १ × १ × २ × २ × ३, कितीही एक लावा, अनंत प्रकार झाले. "एकाच प्रकारे" हे शब्द गेले. बरेच जण इथेच थांबतात की बघा, म्हणून १ मूळ नाही. पण यावर उलट बोलणारा सहज म्हणेल की मग "१ सोडून" असं लिहा ना प्रमेयात, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. आणि त्याचं म्हणणं त्या वेळेपुरतं बरोबरच होतं, म्हणूनच १८०१ नंतरही शंभर वर्षं १ यादीत ये-जा करत राहिला.

खरा निकाल लागला तो नवीन संख्या आल्यावर. १८३२ मध्ये a + bi या रूपातल्या संख्यांचं अंकगणित छापून आलं, a आणि b पूर्णांक, i म्हणजे −१ चं वर्गमूळ. यांना आता गाउसियन पूर्णांक म्हणतात. इथेही मूळ आणि संयुक्त असतात, पण आपले ओळखीचे आकडे फुटायला लागतात. ५ इथे मूळ राहत नाही, ५ = (२ + i)(२ − i). पण थांबा, ५ = (१ + २i)(१ − २i) हेही खरं आहे. मग दोन वेगळे अवयव पडले की काय? नाही. (१ − २i) ला i ने गुणा, i − २i² म्हणजे २ + i मिळतो. म्हणजे ती तीच संख्या, फक्त i चा अंगरखा घातलेली. या जगात एकक चार आहेत, १, −१, i, −i, आणि अवयव "एकच" आहेत असं म्हणताना या चौघांचा फरक दुर्लक्षित करावाच लागतो. आता वरचा तो "१ सोडून" वाला उपाय लावून बघा. १ सोडला, −१ राहिला, तोही सोडला, i राहिला. पुढे वेगळ्या संख्या घ्याल तिथे एकक अनंतही असू शकतात, a + b√२ या रूपात घेतल्या तर १ + √२ हा एकक आहे, कारण (√२ + १)(√२ − १) = १, आणि त्याचे सगळे घातही एककच. किती जणांना "सोडून" म्हणणार? तेव्हा एककांचा वेगळा गट करणं भागच पडलं, आणि तो गट केला की १ आपोआप त्यात जातो, कारण तो सगळीकडेच एकक आहे. त्याच्यावर अन्याय करून कुणी त्याला काढलं नाही, त्याचे भाऊबंद सापडले आणि तो त्यांच्यात गेला, मी तरी हे असंच बघतो.

१८४७ ची गोष्ट इथे आलीच पाहिजे. पॅरिसच्या विद्वत्सभेत एकाने १ मार्चला जाहीर केलं की फर्माचं शेवटचं प्रमेय (n हा २ पेक्षा मोठा असेल तर xⁿ + yⁿ = zⁿ ला शून्य सोडून पूर्णांकांत उत्तर नाही) सुटलं. लगेच दुसरा सभासद उठला आणि म्हणाला की तुम्ही सिद्धतेत ज्या नवीन संख्या वापरल्यात त्यांत अवयव एकाच प्रकारे पडतात असं धरून चालला आहात, ते सिद्ध कुठे केलंय? काही आठवड्यांत जर्मनीतून पत्र आलं की ते सिद्ध होणारच नाही, खोटंच आहे, आणि तीन वर्षांपूर्वी छापूनही आलंय. सोपं उदाहरण a + b√−५ या संख्यांचं. तिथे ६ = २ × ३ आणि ६ = (१ + √−५)(१ − √−५), आणि या वेळी एककांचा अंगरखा काढूनही दोन्ही जोड्या वेगळ्याच राहतात. आता विचार करा, अवयव खरोखर वेगळे आहेत की नुसते एककाने वेगळे दिसतायत हे ओळखणं हाच सगळा खेळ झाला होता. अशा वेळी एककालाच मूळ म्हणून बसलात तर प्रश्न मांडताही येणार नाही. त्या अपयशातून आधी "आदर्श संख्या" आणि मग १८७१ मध्ये आयडियल (एखाद्या संख्येच्या सगळ्या पटींच्या गटासारखा संख्यांचा गट) ही कल्पना आली, आणि आजचं बरंचसं बीजगणित तिथून निघालं. माझ्या दृष्टीने १ चा निकाल याच पंचवीस-तीस वर्षांत लागला, पुढे जे झालं ते निकालाची बातमी पोचणं होतं.

बातमी पोचायला मात्र फार वेळ लागला. एकीकडे हे सिद्धांतवाले आणि दुसरीकडे टेबलं बनवणारे. टेबलं बनवणाऱ्यांना १ ने काही त्रास नव्हता, यादीच्या सुरुवातीला एक आकडा जास्त, एवढंच. १९१४ मध्ये अमेरिकेत मूळ संख्यांची जी प्रचंड यादी छापली गेली, १,००,०६,७२१ पर्यंतची, हाताने केलेलं काम, अजूनही बघून थक्क व्हायला होतं, ती यादी १ पासून सुरू होते. एक कोटीच्या आत मूळ संख्या ६,६४,५७९ आहेत, त्या यादीच्या हिशोबाने ६,६४,५८०. हे काम करणारा माणूस अडाणी नव्हता, संख्या सिद्धांतातला त्या काळचा उत्तम गणितज्ञ होता, त्याच्या कामात १ आत असो की बाहेर, एकही ओळ चुकत नव्हती.

पुस्तकांचं तेच. इंग्रजीतलं शुद्ध गणिताचं एक गाजलेलं पाठ्यपुस्तक १९०८ ला पहिल्यांदा आलं, त्यात मूळ संख्या अनंत आहेत याची सिद्धता देताना यादी १, २, ३, ५ अशी सुरू व्हायची. १९३३ च्या आवृत्तीपर्यंत तशीच राहिली. १९३८ च्या आवृत्तीत १ गेला. या सिद्धतेत १ ठेवला तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवायचा आणि म्हणायचं की यातली कुठलीच मूळ संख्या याला भाग देत नाही, बाकी १ उरते. पण १ मूळ असेल तर तो भाग देतोच, तेव्हा वाक्यात "१ सोडून" घालावं लागतं. परत तेच दोन शब्द. एराटोस्थेनिसच्या चाळणीतही तेच, मूळ संख्या सापडली की तिच्या पटी खोडायच्या, १ पासून सुरुवात केली तर पहिल्याच फेरीत सगळा कागद खोडला जाईल. n पेक्षा लहान आणि n शी सहमूळ अशा संख्या मोजणारं सूत्र मूळ संख्येला p − १ देतं, विभाजकांची बेरीज p + १ देते, १ ला यातलं एकही लागू पडत नाही. जिथे जाल तिथे "१ सोडून". गणितात एखादी गोष्ट प्रत्येक प्रमेयात सोडावी लागत असेल तर ती त्या गटात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग १ चे मूळ अवयव काय? काहीच नाहीत. शून्य मूळ संख्यांचा गुणाकार म्हणजे १. ऐकायला विचित्र वाटतं पण बेरजेत काहीच न मिळवता सुरुवात ० पासून होते तशी गुणाकारात १ पासून होते. हे मान्य केलं की अवयवांचं प्रमेय १ सकट सगळ्या नैसर्गिक संख्यांना लागू होतं, "१ पेक्षा मोठी" असंसुद्धा म्हणावं लागत नाही. १ ला मूळच्या यादीतून काढल्यामुळेच त्याला प्रमेयात जागा मिळाली, आणि ही गोष्ट फार कमी ठिकाणी लिहिलेली दिसते.

विसाव्या शतकातलं बीजगणित हेच आणखी पुढे नेतं. p मूळ असेल तर p ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांमध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चारही नीट चालतात. १ ने भागल्यावर बाकी कायम ०, सगळ्या संख्या एकच झाल्या, तिथे ० आणि १ सारखेच, आणि भागाकाराला काही अर्थ उरत नाही. आयडियलच्या भाषेत तर शून्याने बनलेला आयडियल पूर्णांकांत प्राइम ठरतो आणि १ ने बनलेला ठरत नाही, कारण तो म्हणजे सगळेच पूर्णांक. तरीही १९५७ मध्ये एकाने सुचवलं की काही सूत्रांत p च्या जागी १ घातल्यावर जे उत्तर येतं त्याला भूमितीत अर्थ दिसतो, जणू एकाच घटकाचं एखादं क्षेत्र (म्हणजे चारही क्रिया नीट चालतात असा संख्यासमूह) असावं. असं क्षेत्र नेहमीच्या व्याख्येने असूच शकत नाही, पण त्या कल्पनेवर आजही गंभीर काम चालू आहे. आणि वर्गरूपांवर (ax² + bxy + cy² अशा राशींवर) लिहिताना एका मोठ्या गणितज्ञाने −१ ला मूळ धरलं, कारण तिथे त्याने सूत्रं सुटसुटीत होत होती. याने १ चा निकाल फिरत नाही, मला तसं वाटतही नाही, पण यादी कुठून सुरू करायची हे कामावरून ठरतं हे यातून दिसतं.

संख्यांच्या क्रमांचा जो मोठा ऑनलाइन कोश आहे त्यात १, २, ३, ५, ७, ११ ही जुनी यादीसुद्धा वेगळी नोंद करून जपून ठेवलेली आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मूळ संख्या अशा नावाने. जुनं टेबल किंवा शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात आलं तर याचा उपयोग होतो. त्यात "१०० वी मूळ संख्या" ५२३ लिहिली असेल तर ती छपाईची चूक नाही, त्यांनी १ मोजलाय. आजच्या हिशोबाने १०० वी ५४१ आहे. १०० च्या आतल्या मूळ संख्या २६ दिल्या असतील तरी तेच, आज त्या २५ आहेत. कुठलाही क्रमांक जुन्या पुस्तकातून उचलताना आधी यादीचा पहिला आकडा बघून घ्यावा, १ आहे की २.